मायनिंगमधून आलेले ग्राफिक्स कार्ड: काय झिजते, काय टिकते

जुने ग्राफिक्स कार्ड घेताना ‘हे मायनिंगला वापरलेले आहे का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. ‘हो’ म्हटले की भाव उतरतो, त्यामुळे विक्रेता शक्यतो ‘नाही’च म्हणतो. गिऱ्हाइकाच्या कानावर मात्र दोन उलटसुलट मते आलेली असतात. एक मत असे, की दोन दोन वर्षे चोवीस तास राबलेले कार्ड आतून संपलेले असते आणि ते घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. दुसरे मत असे, की मायनिंग करणारा माणूस कार्ड जपून वापरतो, कमी विजेवर आणि एकाच तापमानाला चालवतो, म्हणून ते गेम खेळणाऱ्याच्या कार्डापेक्षाही चांगल्या अवस्थेत राहते. दोन्ही मतांत तथ्य आहे, कारण ती कार्डाच्या वेगवेगळ्या भागांना लागू पडतात. कार्ड एक वस्तू दिसत असली तरी त्यावर मुख्य चिप, मेमरीच्या चिप्स, वीजपुरवठ्याचे घटक, सोल्डरचे सांधे, उष्णता वाहून नेणारे थर आणि पंखे असा संसार असतो. मायनिंगचा ताण या सर्वांवर सारखा पडत नाही.

## ही कार्डे बाजारात आली कशी

बिटकॉइनचे मायनिंग ग्राफिक्स कार्डांवर होण्याचा काळ लवकरच संपला. त्या एकाच गणितासाठी घडवलेल्या खास चिप्स २०१३ पासून मिळू लागल्या आणि त्यांच्यापुढे ग्राफिक्स कार्ड टिकले नाही. आज जुन्या बाजारात दिसणारी मायनिंगची कार्डे बहुतेक सगळी इथेरियमसाठी राबलेली आहेत. हे जाळे जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. त्याच्या चलनाच्या, म्हणजे इथरच्या, भावाबरोबर कार्डांच्या खरेदीच्या दोन मोठ्या लाटा आल्या: पहिली २०१७-१८ मध्ये, दुसरी २०२० च्या अखेरीपासून.

दुसरी लाट फार मोठी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथरचा भाव ४,८०० डॉलरच्या वर गेला आणि नवे कार्ड छापील किमतीला मिळणे जगभर दुरापास्त झाले. त्याआधीच, २०२१ च्या मध्यावर, चीनने मायनिंगवर बंदी घातल्यामुळे तिथली कार्डे बाहेर पडू लागली होती. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का कपात लागू झाली. जून २०२२ मध्ये इथरचा भाव १,००० डॉलरच्या खाली घसरला. शेवटी १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली. नोंदींची खातरजमा करण्याचे काम त्या दिवसापासून यंत्रांच्या गणिताऐवजी चलन गहाण ठेवणाऱ्यांकडे गेले. कार्डावर काढता येणारी जी इतर चलने उरली, त्यांच्या कमाईतून बहुतेक ठिकाणी विजेचे बिलही निघेना.

खरेदीदाराच्या दृष्टीने ही तारीख मोलाची आहे. एनव्हिडियाची आरटीएक्स ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये विक्रीला आली. म्हणजे त्या मालिकेतल्या कार्डाने इथेरियमसाठी जास्तीत जास्त दोन वर्षे, साधारण १७,५०० तास, काम केले असेल. ‘किती वापरले कोण जाणे’ या धास्तीला इथे एक वरची मर्यादा मिळते. २०१७ च्या लाटेतल्या कार्डांना ही मर्यादा इतकी खाली नाही. त्यांतली काही पाच वर्षे राबली.

## मायनिंग करताना कार्ड नेमके काय करते

मायनिंगचे गणित कल्पनेला सोपे आहे. व्यवहारांची नवी नोंद घ्यायची, तिला एक अंदाजाने निवडलेला आकडा जोडायचा आणि ठरलेल्या कृतीतून काढून एक उत्तर मिळवायचे. हे उत्तर म्हणजे हॅश. तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आला तर बक्षीस, नाही तर दुसरा आकडा घेऊन पुन्हा तेच. यात हुशारीला वाव नसतो. सेकंदाला जो जास्त प्रयत्न करील त्याची संधी जास्त.

इथेरियमच्या रचनाकारांना बिटकॉइनसारख्या खास चिप्सची मक्तेदारी नको होती. म्हणून त्यांनी ‘इथॅश’ नावाची अशी कृती निवडली, की जिच्यात गणितापेक्षा मेमरीतून माहिती आणण्यालाच जास्त वेळ लागावा. माहितीचा एक मोठा तक्ता कार्डाच्या मेमरीत भरून ठेवायचा आणि प्रत्येक प्रयत्नासाठी त्यातून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, माहिती उचलायची. हा तक्ता सुरुवातीला १ जीबीचा होता आणि दर ३०,००० नोंदखंडांनंतर (ब्लॉकनंतर), म्हणजे साधारण साडेचार दिवसांनी, ८ एमबीने वाढत गेला. डिसेंबर २०२० च्या सुमारास तो ४ जीबीच्या पुढे गेला आणि ४ जीबी मेमरीची कार्डे एकदम निरुपयोगी ठरून विक्रीला आली.

चौकट: मेमरीचा हिशेब
एका प्रयत्नाला ६४ × १२८ = ८,१९२ बाइट लागतात. आरटीएक्स ३०८० ची मेमरी मूळ वेगाने सेकंदाला ७६० जीबी माहिती देऊ शकते. ७६० अब्जाला ८,१९२ ने भागले की सुमारे ९ कोटी २८ लाख प्रयत्न निघतात. या कार्डावर १० कोटींपर्यंत मजल मारायची तर मेमरीचा वेग वाढवण्याखेरीज मार्ग नाही. आरएक्स ५८० ची क्षमता सेकंदाला २५६ जीबी. तिचा हिशेब ३ कोटी १२ लाखांवर येतो. प्रत्यक्षात मायनिंग करणाऱ्यांना या कार्डातून ३ कोटींच्या आसपासच मिळत असत.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचे सगळे त्यांच्यावर उभे आहे. पहिली ही, की मुख्य चिपचा वेग वाढवून कमाई वाढत नाही. ती मेमरीची वाट पाहत बसते. म्हणून मायनिंग करणारे तिचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही उतरवतात. ३०८० गेममध्ये ३२० वॅटपर्यंत वीज खाते, तर मायनिंगमध्ये ते सव्वादोनशे वॅटच्या आसपास चालवले जाई. दुसरी गोष्ट, मेमरी मात्र मूळ वेगाच्याही वर, क्षणाची उसंत न देता, चालवली जाते.

वीज वाचवण्यामागे भाबडी काळजी नव्हती, रोकडा हिशेब होता. २२० वॅटचे कार्ड वर्षभर अखंड चालले तर सुमारे १,९२७ युनिट खर्च होतात. युनिटला ८ रुपये धरले तरी हे बिल १५,००० रुपयांच्या वर जाते. कार्ड जितके थंड आणि जितक्या कमी विजेवर चालेल तितकी कमाई जास्त. ‘मायनिंगवाले कार्ड जाळून टाकतात’ हा समज म्हणूनच बहुतांशी चुकीचा आहे.

## मुख्य चिप: सर्वात कमी झिजणारा भाग

सिलिकॉनच्या चिपमध्ये हलणारे काही नाही, तरीही ती झिजते. तिच्या आत अतिशय बारीक धातूच्या वाटांमधून वीज वाहते. वाहणारे इलेक्ट्रॉन धातूच्या अणूंना सतत ढकलत राहतात. फार काळाने काही अणू जागचे हलतात, कुठे वाट बारीक होते, कुठे धातू साचतो. या क्रियेला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. ती किती वेगाने घडेल याचे सूत्र जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये मांडले. त्याचा आशय असा, की विद्युतप्रवाह दाट असेल तर झीज वाढते आणि तापमान चढले की ती फार झपाट्याने वाढते.

तास वाढले की झीज वाढणार, हे उघड आहे. पण मायनिंगमध्ये प्रवाह आणि तापमान या दोन्ही गोष्टी मुद्दाम खाली आणलेल्या असतात. ६० अंश सेल्सिअसला, उतरवलेल्या व्होल्टेजवर काढलेला एक तास हा ८० अंशांना, पूर्ण व्होल्टेजवर काढलेल्या तासाच्या बरोबरीचा नसतो. नुसते तास मोजून कार्डाचे वय ठरवणे म्हणूनच फसवे आहे. दोन वर्षांच्या मायनिंगनंतर मुख्य चिप झिजून गेली असे सहसा घडत नाही. ती बिघडलेली आढळली तर कारण बहुधा चिपबाहेर, तिच्याखालच्या सांध्यांत किंवा तिला वीज देणाऱ्या घटकांत सापडते.

## सोल्डरचे सांधे: चढउताराचा त्रास

मुख्य चिप आणि मेमरीच्या चिप्स खालच्या हिरव्या किंवा काळ्या पट्टीला सोल्डरच्या शेकडो सूक्ष्म गोळ्यांनी जोडलेल्या असतात. तापले की हे सगळेच पदार्थ प्रसरण पावतात, पण सारखे नाही. एक अंश तापमान वाढले की सिलिकॉन दशलक्षात सुमारे ३ भाग वाढते, तर ही पट्टी साधारण १५ भाग. मधल्या सोल्डरच्या गोळ्या या ओढाताणीत सापडतात. तार एकदा वाकवून तशीच ठेवली तर ती वर्षानुवर्षे राहते. तीच पुन्हा पुन्हा इकडून तिकडे वाकवली तर थोड्या वेळात तुटते. सोल्डरचेही असेच आहे. नुसत्या उष्णतेपेक्षा तापण्या-निवण्याच्या फेऱ्या त्याला अधिक महाग पडतात.

गेम खेळणाऱ्याचे कार्ड दिवसातून एकदोनदा ३० अंशांवरून ७५ अंशांवर चढते आणि पुन्हा उतरते. मायनिंगचे कार्ड एकदा तापले की वीज जाईपर्यंत त्याच तापमानाला राहते. या एका बाबतीत मायनिंगचे कार्ड खरोखर उजवे ठरते.

तापण्या-निवण्याच्या फेऱ्या किती घातक ठरू शकतात याचा एक मोठा धडा २००८ मध्ये मिळाला. लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप्सच्या जोडणीतले साहित्य कमकुवत निघाले आणि त्या प्रमाणाबाहेर बिघडू लागल्या. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या चिप्स मायनिंगच्या आधीच्या काळातल्या होत्या. माणसे रोज लॅपटॉप चालू करत आणि बंद करत, एवढेच त्यांच्या बाबतीत घडत होते.

## मेमरी: खरी काळजी इथे

मुख्य चिपला मिळालेली विश्रांती मेमरीच्या वाट्याला येत नाही. यातही सर्व कार्डे एका मापाने मोजता येत नाहीत. आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १०७० मध्ये जीडीडीआर५ जातीची मेमरी असते. ३०६० आणि ३०७० मध्ये जीडीडीआर६. या जाती तुलनेने थंड चालतात. ३०७० टीआय, ३०८० आणि ३०९० या कार्डांत मात्र जीडीडीआर६एक्स ही जास्त वेगवान आणि फार तापणारी मेमरी आहे. तिच्या आतले तापमान ११० अंशांवर गेले की कार्ड आपणहून वेग कमी करते. मेमरी आणि हीटसिंक यांच्यामधल्या मूळ थर्मल पॅडवर, काहीही न बदलता मायनिंग सुरू केले की कित्येक ३०८० कार्डे थेट या मर्यादेला जाऊन भिडत. मुख्य चिप ५५ अंशांवर, आणि तिच्यापासून बोटभर अंतरावरची मेमरी दुपटीने तापलेली, असे चित्र असे.

३०९० ची अवस्था सर्वात कठीण. तिच्या २४ जीबीसाठी २४ चिप्स लागतात. त्यांतल्या १२ पट्टीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या आहेत, जिथे पंख्याची हवा पोचत नाही आणि धातूची मागची पाटी हाच काय तो आधार. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ३०९० टीआयमध्ये दुप्पट क्षमतेच्या चिप्स वापरून सगळी मेमरी पुढच्या बाजूला आणली गेली.

११० अंशांवर काढलेली दोन वर्षे आणि ८० अंशांवर काढलेली दोन वर्षे यांत मोठा फरक आहे. म्हणून ‘मायनिंगचे आहे का’ यापेक्षा ‘मेमरी कोणत्या जातीची आणि पॅड बदलले होते का’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. जाणकार मायनरांनी पहिल्याच महिन्यात पॅड बदलून तापमान वीसएक अंशांनी खाली आणलेले असे. असे उघडलेले कार्ड पाहून गिऱ्हाईक बिचकते. नीट केलेले काम असेल तर तेच कार्ड अधिक भरवशाचे असते.

## पंखा, पेस्ट, पॅड आणि कपॅसिटर

झिजणाऱ्या भागांत पहिला क्रमांक पंख्याचा. वर्षाचे ८,७६० तास तो फिरत असतो, तेही बहुधा ७०-८० टक्के वेगाने. रोज तीन तास गेम खेळणाऱ्याच्या पंख्याला दोन वर्षांच्या मायनिंगइतके तास भरायला सोळा वर्षे लागतील. बेअरिंगमधले वंगण आटते, पाती डगमगतात, खरखर सुरू होते. यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण पंखे स्वतंत्र मिळतात आणि चार-सहा स्क्रू काढून बदलता येतात. अडचण एवढीच, की फार चालू नसलेल्या मॉडेलचे पंखे भारतात चटकन मिळत नाहीत आणि बाहेरून मागवावे लागतात.

चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट काळाने कोरडी पडते किंवा कडेला सरकते. मेमरीवरचे रबरासारखे थर्मल पॅड सतत तापल्याने कडक होतात आणि त्यांतले सिलिकॉनचे तेल पाझरून पट्टीवर चिकट डाग पडतात. हा तेलकटपणा पाहून कपॅसिटर फुटला असे अनेकांना वाटते. सहसा तसे नसते.

कपॅसिटर हा मात्र तास मोजणारा घटक आहे. आजच्या कार्डांवर बहुतेक घन पॉलिमर जातीचे कपॅसिटर असतात. त्यांच्याबाबत ठोकताळा असा, की तापमान २० अंशांनी उतरले की आयुष्य दसपट होते. १०५ अंशांना ५,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ८५ अंशांना ५०,००० तास, म्हणजे साडेपाच वर्षांहून अधिक अखंड चालावा. जुन्या, द्रव भरलेल्या जातीत १० अंशांना आयुष्य केवळ दुप्पट होते. स्वस्तातल्या कार्डांवर वीजपुरवठ्याच्या भागात असे कपॅसिटर आढळले तर ते दोन वर्षांच्या मायनिंगने थकलेले असण्याची शक्यता बरीच जास्त.

## ‘वर्षाला दहा टक्के वेग जातो’ हा दावा

२०२१ मध्ये एका कार्ड उत्पादकाने असा इशारा दिला, की मायनिंगमुळे कार्डाची कामगिरी दर वर्षी १० टक्क्यांनी घटते. तो आकडा अजूनही ऐकवला जातो. चिपच्या कामाची पद्धत पाहिली तर हे पटत नाही. डिजिटल परिपथ ठरलेल्या ठोक्याला ठरलेले काम करतो. झिजल्यावर तो त्या ठोक्याला चुका करू लागेल, कार्ड अडकेल, पडद्यावर रंगीत ठिपके उमटतील. पण निरोगी दिसत असताना गुपचूप दहा टक्के मंद होणार नाही. वेग खरोखर कमी भरला तर त्याची दोन कारणे संभवतात. पेस्ट किंवा पॅड वाळल्याने कार्ड तापून स्वतःला आवरत असेल, आणि हे साफसफाईने सुधारते. किंवा मेमरीतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवली जात असेल. दुसरे कारण गंभीर आहे आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

## कार्ड कुठे राहत होते

दोन वर्षे एका खोलीत उघड्या चौकटीवर काढलेले कार्ड त्या खोलीची हवा अंगावर घेऊन येते. वातानुकूलित, कोरड्या जागेतले कार्ड आणि पत्र्याच्या गोदामातले कार्ड यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. मुंबई, कोकण, गोवा अशा किनारी भागात दमट, खारट हवेने सोल्डरच्या टोकांवर आणि स्क्रूंवर हिरवट-पांढरा थर येतो. बारीक धूळ आणि ओल एकत्र आली की तिचा चिखल हीटसिंकच्या पात्यांत बसतो आणि नको तिथे वीज वाहू शकते.

विकण्यापूर्वी कार्ड चकचकीत करण्याचा मोहही घातक ठरतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने कार्डे धुतली जात असल्याचे व्हिडिओ २०२२ मध्ये पाहायला मिळाले. पूर्ण वाळेपर्यंत वीज दिली नाही तर पाण्याने लगेच काही होत नाही, हे खरे. पण चिपखाली अडकलेली ओल आणि क्षार महिन्या-दोन महिन्यांनी गंज बनून वर येतात. पाच वर्षांच्या जुन्या मॉडेलवर धुळीचा कणही नसेल तर त्या स्वच्छतेचे कारण विचारणे योग्य.

## हातात घेऊन काय पाहावे

हार्ड डिस्क चालू राहिल्याचे तास स्वतःजवळ नोंदवते. घरगुती ग्राफिक्स कार्डात वापरणाऱ्याला दिसेल अशी नोंद नसते. त्यामुळे अंगावरच्या खुणाच वाचाव्या लागतात.

मायनिंगच्या रिगमध्ये, म्हणजे अनेक कार्डे जोडलेल्या यंत्रात, कार्ड थेट मदरबोर्डवर न बसवता रायझर नावाच्या जोडपट्टीने जोडत. काहींनी रायझरला वीज देण्यासाठी साटा जोडणी वापरली. तिची क्षमता ५४ वॅट, आणि कार्ड रायझरच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंत मागू शकते. अशा जोडण्या तापून वितळल्याची उदाहरणे बरीच आहेत. म्हणून कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्टीवर काळपट डाग आहेत का आणि वरच्या वीजजोडणीचे प्लास्टिक पिवळे किंवा विरघळलेले आहे का, हे आधी पाहावे. मागची धातूची पट्टी उन्हात ठेवल्यासारखी निस्तेज, पण पडद्याच्या वायरीची भोके मात्र ओरखड्याविना कोरी असतील तर कार्डाला पडदा क्वचितच जोडलेला होता.

पडद्याची जोडणीच नसलेली कार्डेही बाजारात फिरतात. पी१०६-१०० आणि २०२१ मध्ये आलेली सीएमपी मालिका ही एनव्हिडियाने फक्त मायनिंगसाठी बनवली होती. गेमसाठी घेणाऱ्याने ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. ‘एलएचआर’ असे लिहिलेले कार्ड मायनिंगला वापरलेले नसणार, ही समजूतही खरी नाही. त्या कार्डांना इथॅशपुरता लगाम होता आणि मे २०२२ मध्ये तोही एका सॉफ्टवेअरने पूर्ण काढून टाकला.

## चालवून काय तपासावे

कार्ड संगणकात बसवून ‘जीपीयू-झी’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडले की पुष्कळ काही समजते. आरएक्स ५८० म्हणून विकलेल्या कार्डात २,३०४ ऐवजी २,०४८ गणनकेंद्रे दिसली तर ते वेगळे, कमी ताकदीचे कार्ड आहे. मायनिंगमधून आलेल्या जुन्या पट्ट्यांना नवे कव्हर आणि पंखे चढवून अशी ‘नवी’ कार्डे तयार केली जातात. लॅपटॉपच्या चिप्स बसवलेली ३०६० आणि ३०७० ची कार्डेही चीनमधून आलेली आहेत. त्यांच्या नावात ‘एम’ किंवा ‘लॅपटॉप’ दिसते.

त्यानंतर बायोस, म्हणजे कार्डाचे मूळ अंतर्गत सॉफ्टवेअर. आरएक्स ४७० ते ५८० या कार्डांचा बायोस बदलता येत असे आणि मेमरीच्या वेळा घट्ट करण्यासाठी मायनर तो सर्रास बदलत. एएमडीचा अधिकृत ड्रायव्हर टाकल्यावर कार्ड ‘कोड ४३’ ही त्रुटी दाखवत असेल तर बदललेल्या बायोसचा संशय घ्यावा. मूळ बायोस पुन्हा टाकला की बहुतेक वेळा काम होते. एनव्हिडियाच्या १० आणि ३० मालिकेत बायोसवर कंपनीची डिजिटल सही असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.

मग खरी चाचणी. अर्धा तास एखादा जड गेम किंवा ‘सुपरपोझिशन’सारखी चाचणी चालवावी आणि सोबत ‘एचडब्ल्यूइन्फो’मध्ये तापमाने पाहावीत. मुख्य चिपचे सरासरी तापमान आणि तिच्यावरील सर्वात तापलेल्या बिंदूचे तापमान यांत दहा-पंधरा अंशांचा फरक ठीक. पंचविसाच्या पुढे गेला तर पेस्ट गेली आहे. जीडीडीआर६एक्स असलेल्या कार्डांत मेमरीचे तापमानही दिसते. ते गेममध्ये शंभराच्या पुढे जात असेल तर पॅड बदलण्याचा खर्च धरूनच भाव बोलावा. ३०६० आणि ३०७० मध्ये हा आकडा दिसत नाही. तिथे ‘ओसीसीटी’ किंवा ‘मेमटेस्ट व्हल्कन’ यांची मेमरी चाचणी हाच आधार. या चाचणीत एकही चूक आली तर कार्ड परत द्यावे. पंखा, पेस्ट, पॅड यांवर उपाय आहे. मेमरीची चिप बदलणे हे खास यंत्रे असलेल्या कारागिराचे काम आहे आणि त्याचा खर्च बऱ्याचदा कार्डाच्या किमतीला भिडतो.

अशी चाचणी करू न देणाऱ्याकडून घेऊच नये. पार्सलने मागवायचे असेल तर निदान परतीची मुदत लेखी मिळाली पाहिजे.

## भाव, वॉरंटी आणि पिढी

मायनिंगच्या कार्डाचा भाव ठरवताना पंखे आणि पॅड बदलण्याचा खर्च वजा करून वर जोखमीची सूट मागणे रास्त आहे. वॉरंटी उरली असेल तर सिरीयल क्रमांक आणि मूळ बिल दोन्ही मागून घ्यावीत. काही कंपन्या क्रमांकावरून वॉरंटी मोजतात, काही बिलाशिवाय दाद देत नाहीत. काही कार्डांच्या स्क्रूवर चिकटपट्टी असते. ती फाटलेली असेल तर उरलेली मुदत कंपनी मानते का, हे आधीच विचारून घ्यावे.

कार्डाचे हार्डवेअर ठणठणीत असले तरी ड्रायव्हर मिळणे थांबले की त्याचा उपयोग आटतो. २०१७ च्या लाटेतली कार्डे आज या कारणाने मागे पडली आहेत. एएमडीने आरएक्स ४०० आणि ५०० मालिकांसाठी नव्या सुधारणा कमी केल्या आहेत आणि एनव्हिडियाने जीटीएक्स १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे २०२५ मध्ये थांबवले. मायनिंगचा इतिहास बाजूला ठेवला तरी ही कार्डे अगदी थोड्या पैशांत, साध्या वापरासाठीच घ्यावीत.

आरटीएक्स ३० मालिकेत १२ जीबीची ३०६० ही मायनिंगमधून आली असली तरी सर्वात निर्धास्तपणे घेण्यासारखी आहे, कारण तिची मेमरी थंड चालते आणि भरपूरही आहे. ३०६० टीआय आणि ३०७० वेगाने सरस आहेत, पण त्यांची ८ जीबी मेमरी नव्या गेमना अपुरी पडू लागली आहे. ३०८० मेमरीचे तापमान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय घेऊ नये. ३०९० ला तिच्या २४ जीबीमुळे घरच्या घरी कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल चालवणाऱ्यांकडून मागणी आहे, त्यामुळे तिचा भाव फारसा पडत नाही. ती घ्यायचीच असेल तर मागच्या बाजूचे पॅड बदललेले असावेत किंवा तो खर्च भावात धरलेला असावा, आणि मेमरीची चाचणी पूर्ण २४ जीबीवर, कार्ड चांगले तापल्यानंतर, किमान तासभर चालवलेली असावी. मागच्या बारा चिप्समधला दोष थंड कार्डावर दिसतोच असे नाही.